रस्त्यावरचा चोथा

"तोंड उघड," असं ती म्हातारी म्हणाली असावी. मला तिची भाषा येत नव्हती. पण वाटी माझ्या ओठांजवळ धरून तिनं स्वतःचंच तोंड आ करून दाखवलं, लेकराला भरवताना आई करते तसं.

वाटीत काळपट काढा होता. वाफेबरोबर आधी दालचिनीचा वास आला, मग आल्याचा, आणि त्याखाली नुकत्याच उकरलेल्या मुळांसारखा एक वास, जो मला ओळखू येईना. माझे दात वाजत होते. अंगावर दोन रजया होत्या, तरी पाठीतून थंडी शिरतच होती. मानेपासून खांद्यांपर्यंत सगळं लाकडासारखं आखडलं होतं. वाटीकडे बघायचं तर नुसती मान वळेना, अख्खं अंग वळवावं लागलं.

"हे काय आहे?" दारात उभ्या असलेल्या वेन यीला मी हिंदीत विचारलं.

वेन यी आमची दुभाषी. तिथल्या विद्यापीठात हिंदी शिकणारी, माझ्याच वयाची मुलगी. तिची हिंदी सगळी पुस्तकातून आलेली. ती म्हणाली, "आपकी ग्रीवा में जो पीड़ा है, उसकी औषधि है. कृपया गरम-गरम पीजिए."

ग्रीवा म्हणजे मान हे कळायला मला जरा वेळ लागला. कळल्यावर मी तो काढा पिऊन टाकला. कडू होता, पण मागून गोडसर. ज्येष्ठमध असावं.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आमचं गाव सुरगाणा तालुक्यात, डोंगराच्या अगदी कुशीत. शाळेला जाता-येता घाट चढून पाय तयार झाले आणि ते पाय नाशिकच्या देशमाने सरांना एका तालुक्याच्या स्पर्धेत दिसले. तिथून पुढे सरांनीच मला धावायला शिकवलं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे दम राखायचा, परगावी गेल्यावर काय खायचं, सगळं. चीनमध्ये युन्नान प्रांतात, उंचावरच्या एका तळ्याकाठी अर्धमॅरेथॉन होती आणि तिचं निमंत्रण मला आलं होतं. तिथे ठरलेल्या वेळेच्या आत आले असते तर भारताच्या संघात माझी जागा पक्की होणार होती. म्हणून सर आणि मी, आम्ही दोघंच, उंचीची सवय व्हावी म्हणून आधीच येऊन त्या गावात राहिलो होतो. ज्या घरात उतरलो होतो ते ल्यू आजींचं. वरच्या मजल्यावरच्या खोल्या त्या पाहुण्यांना द्यायच्या.

शर्यत परवावर आली होती आणि मी अशी रजईत कुडकुडत पडले होते.

सकाळी सर शहरात आयोजकांच्या बैठकीला निघाले तेव्हा मी एवढंच म्हणाले होते, "जरा अंग दुखतंय, सर." ते म्हणाले, "आज धावू नकोस, पडून राहा." ते गेले आणि तासाभरात ताप चढला. मी फोन लावला, पण त्यांचा फोन बंद होता. बैठकीत बसले की ते फोन बंद करतात. वेन यीनं निरोप पाठवून ठेवला. आजी गरम पाण्याचा थर्मास घेऊन वर आल्या, माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, मानेला हात लावला, काहीतरी पुटपुटल्या आणि पिशवी घेऊन तडक बाहेर पडल्या. परत आल्या त्या कागदाची पुडी घेऊन. मग खालून मातीच्या भांड्यात काहीतरी रटरटल्याचा आवाज येत राहिला.

काढा पाजून झाल्यावर आजींनी एक वाडगाभर पातळ, गरम भाताची पेज आणली. पेज बघून माझ्या जिवाला बरं वाटलं. आमच्याकडेही आजारी माणसाला पेजच देतात. आई त्यात मिठाचा खडा टाकते, आजींनी टाकला नव्हता एवढाच फरक. पेज संपल्यावर त्यांनी रजई माझ्या हनुवटीपर्यंत ओढली, कडा अंगाखाली खोचल्या आणि बोटानं दटावलं. हलायचं नाही.

थोड्या वेळानं मला घाम सुटला. आधी कपाळावर, मग छातीवर, मग सगळ्या अंगभर. घामाबरोबर ती पाठीतली थंडी हळूहळू निघून गेली. मला झोप लागली. मध्ये एकदा आजींनी उठवून त्याच औषधाची दुसरी वाटी पाजली, तीही मी अर्धवट झोपेत प्यायले. जाग आली तेव्हा ऊन खोलीच्या मधोमध आलं होतं. मी सहज खिडकीकडे बघितलं आणि मग लक्षात आलं, की नुसती मान वळवून बघितलं. पुन्हा वळवून पाहिली. डावीकडे, उजवीकडे. थोडी ओढ लागत होती, पण वळत होती. एकटीच हसले मी.

खिडकीतून खाली गल्ली दिसत होती. दगडी फरसबंदी, भाजीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाया, सायकली. आजी काढ्याचं भांडं घेऊन दारातून बाहेर आल्या आणि भांड्यातला सगळा चोथा त्यांनी रस्त्याच्या मधोमध ओतला. भांडं दोनदा आपटून नीट रिकामं केलं आणि त्या आत निघून गेल्या. एवढं झाडून-पुसून लख्ख ठेवलेलं घर आणि कचरा भर रस्त्यात? मला नवल वाटलं, पण तेवढंच.

तेवढ्यात जिन्यावर सरांची पावलं वाजली.

"मंजुळा! अगं, ताप किती आहे? वेन यीचा निरोप आत्ता बघितला मी." त्यांनी कपाळाला हात लावला. "उतरलाय की! देवा रे. सगळ्या वाटेत जीव टांगणीला होता माझा. काय घेतलंस? आपली गोळी घेतलीस ना, बॅगेतली?"

"गोळी नाही, सर. आजींनी काढा करून दिला. आता मान पण वळते, बघा."

सरांचा हात कपाळावरच थांबला.

"कसला काढा?"

वेन यी मागे उभी होती. तिनं अगदी उत्साहानं सांगितलं, "गे गेन थांग. थांग यानी काढ़ा. गे गेन एक लता होती है, उसका कंद. बहुत प्राचीन औषधि है."

खिशातून फोन काढून सर गॅलरीत गेले आणि पुण्याच्या एका डॉक्टरांना फोन लावला. खेळाडूंना काय चालतं, काय चालत नाही, हे ते त्यांनाच विचारायचे. मला इकडून फक्त सरांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हो, चिनी काढा... गे गेन... थांग. हो... मा काय? परत सांगा... मा हुआंग." बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. "नाही, पुडीवर काही लिहिलं असेल तर बघतो... दिसतं कसं ते?... केरसुणीच्या काडीसारखं. पेरं असतात... दोन दिवसांत जातं का अंगातून?... बरं. बरं, डॉक्टर."

आत येऊन ते माझ्या पलंगाच्या कडेवर बसले.

"त्या काढ्यात बहुतेक वेळा मा हुआंग नावाची वनस्पती घालतात. तिच्यात इफेड्रिन असतं, खेळाडूंना बंदी असलेलं उत्तेजक. शर्यतीच्या दिवशी ते लघवीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, तर संपलं. डॉक्टर म्हणाले, परवापर्यंत अंगातून जाईलही, नाहीही जाणार. कोणी सांगू शकत नाही."

शेवंताताई डोळ्यांपुढे आली. शेवंता पवार, माझ्या आधी सरांकडे धावायला शिकलेली मुलगी. सर्दीच्या साध्या गोळ्या घेतल्या म्हणून दोन वर्षं बंदी आली होती तिच्यावर. बंदी संपली तेव्हा ती परत मैदानावर आलीच नाही. तिच्या गावात लोक म्हणायचे, पोरगी दारू-गांजा घेऊन पळायची. सर तिच्या घरी कितीदा गेले असतील, पण ती दारातसुद्धा यायची नाही. त्यानंतर सरांचा नियम झाला होता, पाण्याशिवाय काहीही तोंडात घालायचं तर आधी त्यांना विचारायचं.

"फोन लागत नव्हता तुमचा," मी म्हणाले.

"माहीत आहे. तुला नाही मी काही म्हणत."

पण कुणाला तरी म्हणायला हवंच होतं. आजी त्याच वेळी सरांसाठी चहा घेऊन वर आल्या आणि सर उसळले. "कुणी सांगितलं होतं यांना? दुसऱ्याच्या पोरीला न विचारता काहीही पाजायचं? चार वर्षांची मेहनत आहे या मुलीची! विचार त्यांना, वेन यी. विचार, काय घातलं होतं त्यात!"

आजी चहाचा पेला धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी वेन यीकडे बघितलं. वेन यी आजींशी हळू आवाजात काही बोलली. आजींचा चेहरा एकदम फुलला. त्या सरांकडे बघून भराभर बोलू लागल्या, त्यांच्या मानेकडे बोट दाखवू लागल्या.

"काय सांगितलंस तू त्यांना?" मी वेन यीला विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "मैंने कहा, सर को भी यह औषधि चाहिए, कैसे बनती है पूछ रहे हैं. आजी कहती हैं, सर के लिए भी बना देंगी."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडले की हसले, मला कळलं नाही. हात काढले तेव्हा आवाज उतरला होता.

"पुडीचा कागद कुठे आहे, विचार त्यांना."

कागदानं आजींनी चूल पेटवली होती. त्यावर औषधवाल्यानं हातानं काहीतरी खरडलेलं होतं, पण आजींना वाचता येत नव्हतं. वेन यीनं औषधवाल्याला फोन लावला. फोन त्याच्या बायकोनं उचलला. तो शेजारच्या गावी लग्नाला गेला होता, पाचच्या सुमाराला येणार होता. फोन घरीच राहिला होता आणि दुकानाची किल्ली मात्र त्याच्याबरोबर गेली होती.

"आणि पाचलाच आयोजक यादी बंद करतात," सर म्हणाले. "नाव काढायचं तर त्याआधी कळवायला हवं. एकदा यादीत राहिलं, की धावली नाहीस तरी तपासणीला बोलावू शकतात, आणि तेव्हा नाही म्हणता येत नाही."

"चोथा आहे," मी म्हणाले.

"काय?"

"काढ्याचा चोथा. आजींनी रस्त्यावर टाकलाय. मी बघितलं."

सर उठलेच. मी रजई बाजूला केली, स्वेटर चढवला आणि त्यांच्या मागे जिना उतरले. पायांत ताकद नव्हती, कठड्याला धरून उतरावं लागलं.

चोथा रस्त्यातच होता, पण तेवढ्या वेळात बराच तुडवला गेला होता. त्यावरून हातगाडीची दोन चाकं गेलेली दिसत होती. एक बाई टोपली घेऊन आली आणि बाजूला जागा असूनही मुद्दाम त्यावर पाय देऊन पुढे गेली. सर वाकून हात घालणार, तोच आजी मागून ओरडत आल्या आणि सरांच्या आणि त्या चोथ्याच्या मध्ये हात पसरून उभ्या राहिल्या.

"काय झालं आता?" सर म्हणाले.

वेन यी धापा टाकत आली. "आजी कहती हैं, इसे उठाना नहीं. यह रोग है. रास्ते पर डालते हैं, ताकि लोग चलें, पैर से रौंदें, और रोग चला जाए. उठाकर घर लाए तो रोग वापस आ जाएगा."

सर म्हणाले, "असलं काही नसतं. वेन यी, सांग त्यांना. किंवा मंजुळा, तूच उचल, तुला काही करणार नाहीत त्या."

मी वाकले. पण हात पुढे जाईना. आमच्याकडे कुणी फार आजारी पडलं की आई भाताचा उतारा काढून संध्याकाळी तिवाठ्यावर ठेवते. लहानपणी माझा पाय एकदा चुकून त्या भातावर पडला होता तर तिनं मला तिथंच ओढ्यात अंघोळ घातली होती. आमच्याकडे लोक उतारा टाळून जातात, इथे लोकांनी तुडवावा म्हणून टाकतात. पण उचलायचा नाही, हे दोन्हीकडे सारखंच होतं. हात चोथ्याच्या वर वीतभर धरून मी तशीच वाकून राहिले. मानेत पुन्हा कळ आली.

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग सरांच्या चेहऱ्याकडे. वेन यीला त्यांनी काहीतरी विचारलं आणि या वेळी वेन यीनं बहुतेक खरं सांगितलं. बराच वेळ सांगत होती ती. आजींचे हात खाली आले. मघाशी फुललेला तो चेहरा असा काही उतरला, की मला वाटलं हे त्यांना कळलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या आत गेल्या. बांबूचं एक सूप घेऊन आल्या. माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला मागे केलं, चांगलं दारापर्यंत मागे नेलं आणि तिथे उभं केलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू रस्त्यात उकिडव्या बसल्या आणि स्वतःच्या हातानं तो चोथा उचलून सुपात भरायला लागल्या. एकेक काडी, एकेक तुकडा, दगडांच्या फटीतला चिखलासकट.

"काय म्हणतायत त्या?" मी विचारलं, कारण उचलताना त्या काही बोलत होत्या.

वेन यी आजींचं बोलणं ऐकायला वाकली. मग म्हणाली, "कहती हैं, मैं बूढ़ी हूँ. रोग को आना है तो मेरे पास आए."

सर हे ऐकून आजींच्या शेजारी उकिडवे बसले आणि त्यांच्याबरोबर वेचायला लागले.

ते सूप आम्ही उंबऱ्याजवळ उन्हात ठेवलं आणि निवडायला बसलो. पांढरट, तंतू सुटलेले चौकोनी तुकडे. तेच ते गे गेन, वेन यीनं सांगितलं. लाल बोरांच्या साली आणि बिया. आल्याच्या चकत्या. ज्येष्ठमधाचे पिवळे काप. कसल्या तरी मुळाच्या पातळ गोल चकत्या. आणि काड्या. काड्या दिसल्या की सर श्वास रोखायचे. एकेक काडी उजेडात धरायचे, बोटानं पेर आहे का चाचपायचे आणि आजींच्या हातात द्यायचे. आजी ती दाढेखाली दाबून बघायच्या आणि मान हलवायच्या. दालचिनीची डहाळी. पुढची काडी. तीही दालचिनी. त्या रस्त्यावरच्या, पायाखालून आलेल्या काड्या त्या बिनदिक्कत तोंडात घालत होत्या.

पेराची एकही काडी मिळाली नाही.

"मिळाली नाही म्हणजे नव्हती असं नाही," सर शेवटी म्हणाले. "निम्मा चोथा तर चाकांबरोबर गेलाय." त्यांनी घड्याळ बघितलं. "मंजुळा, तूच सांग. धावायचं तर धावू. तपासणीला सगळ्यांनाच बोलावत नाहीत. पण..."

"नक्की कळलं नाही तर नाव काढा, सर."

"पुन्हा विचार कर. संघ..."

"काढा," मी म्हणाले. शेवंताताई दारातसुद्धा येत नाही, हे माझ्या मनात होतं.

आम्ही चौघं सूप घेऊन औषधवाल्याच्या दुकानापाशी जाऊन पायरीवर बसलो. दुकानाच्या दाराला आडवी फळी लावलेली. आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या, पण आता त्या मला हात लावत नव्हत्या, मध्ये अंतर ठेवून बसल्या होत्या. मी सरकून त्यांना चिकटले, तर त्या पुन्हा सरकल्या. स्वतःच्या हातांकडे बोट दाखवून त्यांनी नको नको अशी खूण केली. रोग आता त्यांच्या हातांवर होता ना.

पाच वाजायला थोडा अवकाश असताना सरांनी आयोजकांचा नंबर काढून फोन हातात धरला. तेवढ्यात कोपऱ्यावरून विजेची स्कूटर आली. कोटाला लाल कागदी फूल लावलेला तिशीचा माणूस, लग्नाचं जेवण चांगलं झालेलं असावं असा चेहरा. दारात चार माणसं, त्यांतली दोन परदेशी, आणि एका सुपात चिखलानं भरलेला चोथा बघून तो भांबावला.

वेन यीनं विचारलं. त्यानं उत्तर दिलं. आजी मध्ये काहीतरी बोलल्या. तो चिडून पुन्हा बोलला. सर वेन यीचा दंड धरून म्हणाले, "मा हुआंग! घातलं होतं का नाही, तेवढं विचार!"

"नहीं," वेन यी म्हणाली. "नहीं डाला था."

"नक्की?"

"वे कहते हैं, गे गेन के दो काढ़े हैं. ठंड लगे, गर्दन अकड़े और पसीना न हो, तो मा हुआंग वाला. पसीना हो तो बिना मा हुआंग का. उन्होंने आजी से पूछा था, पसीना है? आजी ने कहा, चेहरा पूरा भीगा हुआ है. इसलिए बिना वाला दिया."

सरांनी फोन खिशात टाकला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. औषधवाला दुकान उघडून आत गेला, आपल्या वहीत बघून आला आणि पुन्हा तेच सांगितलं. मग त्यानं माझ्याकडे वळून काही विचारलं.

"पूछते हैं, पसीना बहुत था?" वेन यी म्हणाली.

"घाम?" मला आठवेना. "नाही. घाम काढा प्यायल्यावर आला. त्याआधी नव्हताच. अंग कोरडं फणफणत होतं."

वेन यीनं ते सांगितलं आणि औषधवाल्याचा चेहरा बदलला. तो आजींवर ओरडलाच. आजींनी त्याच्यावर आवाज चढवला, माझ्या गालांवरून हवेत बोटं फिरवून दाखवली. जणू म्हणत होत्या, भिजलेला होता चेहरा! मी बघितला नाही का? आंधळी आहे का मी?

मग मला आठवलं. सर गेल्यावर, ताप चढल्यावर, फोन लागेना तेव्हा मी रजई तोंडावर घेऊन रडत होते. आईची आठवण, शर्यतीची भीती, सगळं एकदमच. आजी थर्मास घेऊन आल्या तेव्हा मी घाईनं तोंड पुसलं होतं, पण पुसून काय होणार होतं.

"वेन यी," मी म्हणाले, "घाम नव्हता तो. मी रडत होते."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघांना सांगितलं. औषधवाल्यानं काहीतरी हळूच विचारलं.

"कहते हैं, तो औषधि ग़लत दी गई?"

"बरी झाली ना ती?" सर म्हणाले. आणि मग त्यांना हसू फुटलं. मी सरांना इतकं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही. पोट धरून पायरीवर बसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "रडली म्हणून वाचली! वेन यी, सांग त्यांना, पोरगी रडली म्हणून वाचली!" औषधवालाही हसायला लागला, त्याचं कागदी फूल गळून पडलं.

आजी मात्र हसल्या नाहीत. मध्ये ठेवलेलं ते अंतर विसरून त्यांनी माझे दोन्ही गाल आपल्या हातांत धरले, चिखलानं माखलेल्या हातांत, आणि मला चांगलं खडसावलं.

"कहती हैं," वेन यी म्हणाली, "अगली बार रोना हो तो नीचे आकर रोना. मैं रसोई में ही रहती हूँ."

शर्यत मी धावले. ताप गेला होता, पण पायांत नेहमीचं बळ नव्हतं. पहिल्या तिघींच्या जवळपासही नव्हते मी. तळ्याला वळसा घालताना वाटलं, इथेच थांबावं. पण शेवटच्या वळणावर आजी आणि वेन यी कठड्याला धरून ओरडताना दिसल्या, आणि ठरलेल्या वेळेच्या जेमतेम आत मी रेषा ओलांडली. श्वास जागेवर येतो न येतो तोच गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तपासणीला चला. सरांनी मला एवढंच सांगितलं, "विचारतील ते सगळं खरं सांग. काढा घेतला होता तेही सांग." मी सांगितलं. त्या बाईनं लिहून घेतलं आणि हसून माझ्याकडे बाटली दिली.

औषधवाल्याचा शब्द होता, सुपातला चोथा होता, तरी पुढचे दिवस अवघड गेले. भारतात परत आले, गावी आले, आणि रोज वाटायचं, त्यानं दुसऱ्या गिऱ्हाईकाची पुडी चुकून दिली असली तर? घरी मी काही सांगितलं नाही. आई विचारायची, "काय गं, हरून आली का?" मी म्हणायचे, "नाही गं. दमलेय."

मोहाची फुलं पडायचे दिवस सुरू झाले होते. पहाटे आई आणि मी टोपल्या घेऊन रानात जायचो. अशाच एका सकाळी फोन वाजला आणि आवाज तुटायला लागला. आमच्या रानात नीट रेंज फक्त वरच्या टेकाडावर. मी टोपली तिथंच टाकून वर पळाले.

"मंजुळा," सर म्हणाले. मग काहीच ऐकू येईना. मी आणखी वर चढले. "ऐकू येतंय का? निकाल आला. काही सापडलं नाही. स्वच्छ. अगं, ऐकू येतंय का तुला? स्वच्छ!"

"आलं, सर," मी म्हणाले. "ऐकू आलं."

"सोमवारी मैदानावर ये. संघाची यादी लागेल आता." मग म्हणाले, "आणि आज पळू नकोस. झोप काढ."

मी खाली उतरले. आई मोहाखाली वाकून वेचत होती.

"काय म्हणत होते सर?"

"काही नाही. झोप म्हणाले."

"मग झोप की," आई म्हणाली.

मी झाडाच्या बुंध्याला पाठ लावली. वरून एकेक फूल टप टप पडत होतं, केसांत, मांडीवर. किती वेळ झोपले कुणास ठाऊक. उठले तेव्हा ऊन चढलं होतं, माझ्या अंगावर बसायला आणलेली, आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी होती, आणि आईनं तिची टोपली भरून माझीही काठोकाठ भरून ठेवली होती.